ड्रेटन हॉल : एक रिकामं घर आणि त्यातली दोन घराणी

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनजवळचं ड्रेटन हॉल पाहिलं. आत एक खुर्ची नाही, दिवा नाही, भिंतींचा रंग उडालेला. तिकीट काढून रिकाम्या खोल्यांतून फिरून आलो, असं वाटलं. एवढं नावाजलेलं घर असं का ठेवलंय? दुरुस्त करून, सामान मांडून का दाखवत नाहीत? आणि त्याचे मालक नेमके कोण होते?

उत्तर :

चुना-विटांच्या जुन्या इमारतींचं संवर्धन हे माझं काम. वाईच्या वाड्यांवर हात बसला आणि आता बरीच वर्षं अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हेच काम करतो आहे. ड्रेटन हॉलवर मी काम केलेलं नाही, पण शिकायला म्हणून पुन्हा पुन्हा जातो. तुमच्या तीन प्रश्नांत मालकांचा प्रश्न सगळ्यात मोठा. पण आधी रिकामेपणाबद्दल सांगतो, कारण मालकांची अर्धी गोष्ट त्यातच आहे.

ते घर पडीक नाही. त्याची देखभाल अखंड चालू असते, फक्त ती डोळ्यांवर येऊ नये अशा बेताने केलेली असते. १९७४ साली नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने ते ड्रेटन कुटुंबाकडून घेतलं, तेव्हा पुढ्यात दोन वाटा होत्या. एक म्हणजे कुठलं तरी एक साल धरायचं आणि घर त्या सालात नेऊन ठेवायचं : रंग नवा, छत नवं, बाजारातून आणलेलं त्या काळचं सामान. तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच करत. दुसरी वाट म्हणजे घर हातात आलं तसंच थांबवायचं, पडू द्यायचं नाही, पण सजवायचंही नाही. त्यांनी दुसरी वाट धरली आणि १९७७ पासून घर लोकांसाठी उघडलं.

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. सामान मांडलं की आपण सामान बघतो. पलंग कसा होता, चमचे कसले होते, यातच वेळ जातो. सामान नसलं की भिंत बोलायला लागते. आणि या घराच्या भिंतींकडे बोलायला पुष्कळ आहे, कारण त्यांना कोणी फोडलेलंच नाही. नळासाठी एक झिरी नाही, विजेच्या तारेसाठी लाकडी पॅनेलला एक भोक नाही. काही खोल्यांत तर अठराव्या शतकातला पहिला रंग आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिलेला दुसरा, असे दोनच थर आहेत. पावणेतीनशे वर्षांच्या घरात रंगाचे दोनच थर, हे माझ्यासारख्या माणसाने जन्मात एखाद्या वेळीच पाहावं. आपल्याकडे वाड्याचा खांब खरवडायला घेतला की तेलरंगाचे सात-आठ थर निघतात आणि मूळ सागवान कुठे हरवलेलं असतं.

आता मालक. ड्रेटन घराणं बार्बाडोस बेटावरून आलं. तिथे इंग्रजांनी ऊस आणि गुलाम यांच्या जोरावर पैसा कसा करायचा ते शिकून घेतलं होतं आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यातले बरेच जण तीच पद्धत घेऊन कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर उतरले. थॉमस ड्रेटन त्यांपैकी एक. अॅशली नदीकाठचं मॅग्नोलिया हे त्याच्या घराण्याचं ठाणं. तिथल्या तिसऱ्या मुलाचं नाव जॉन. वडिलार्जित घर आपल्याकडे येणार नाही हे त्याला दिसत होतं. म्हणून १७३८ मध्ये, विशीत असतानाच, त्याने शेजारची जमीन विकत घेतली. त्या जमिनीची विक्रीची जाहिरात चार्ल्सटनच्या वर्तमानपत्रात आली होती आणि तिच्यावर आधीच एक राहतं घर असल्याचा उल्लेख तीत आहे. म्हणजे तुम्ही पाहिलेलं घरही कुणाच्या तरी घराच्या जागी उभं आहे.

घर कधी बांधलं याबद्दल एक गंमतीची आणि आमच्या धंद्यात फार महत्त्वाची गोष्ट सांगतो. कित्येक वर्षं पुस्तकांत '१७३८ ते १७४२' असं छापलं जायचं. जमीन १७३८ ला घेतली, मग घर लगेच सुरू केलं असणार, हा अंदाज. पुढे माळ्यावरच्या तुळयांची वलयं मोजली. तुळईत बारीक पोकळ गिरमिट घालून पेन्सिलीएवढा गाभा बाहेर काढतात आणि झाडाची वार्षिक वलयं त्या प्रदेशाच्या माहीत असलेल्या वलयक्रमाशी जुळवतात. पाऊस चांगला झाला त्या वर्षीचं वलय रुंद, दुष्काळाचं अरुंद. हा क्रम एखाद्या ठशासारखा असतो. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कुठल्या हंगामात तोडलं तेही कळतं. इथे उत्तर आलं १७४७-४८ चा हिवाळा. त्या हिवाळ्यापर्यंत माळ्याचं ते लाकूड उभं झाडच होतं. म्हणजे घर पुरं झालं ते १७५० च्या आसपास. खरेदीखत जमिनीचं वय सांगतं, घराचं नाही. आपल्याकडेही सातबारा आणि सनद दाखवून लोक वाड्याचं वय सांगतात, तेव्हा मी हीच गोष्ट सांगतो.

जॉन ड्रेटनने जे उभारलं तसं त्या काळात अमेरिकेच्या वसाहतींत दुसरं नव्हतं. इटलीचा सोळाव्या शतकातला वास्तुकार पॅलाडिओ याच्या धर्तीवरचं घर, जमिनीच्या बाजूला दुमजली पोर्टिको, म्हणजे खांबांवरची ओसरी, खाली साध्या डोरिक शैलीचे खांब, वर नक्षीदार माथ्याचे आयॉनिक. मुख्य दालनातल्या शेकोटीवरचं कोरीवकाम इंग्रज वास्तुकार इनिगो जोन्सच्या आराखड्यांच्या १७२७ साली लंडनमध्ये निघालेल्या पुस्तकावरून घेतलेलं आहे. पुस्तक जहाजाने आलं, खांबांचा दगड जहाजाने आला, जिन्याचं महोगनीही समुद्रापलीकडचं. पण तो दुमजली पोर्टिको निव्वळ ऐट नाही. मे महिन्यात तिथे उभे राहा. हवा इतकी दमट असते की सदरा अंगाला चिकटतो, आणि पोर्टिकोच्या सावलीतून दालनात पाऊल टाकलं की नदीकडून आलेली झुळूक लागते. समोरासमोर दारं आणि मधून वारा, हे आपल्या कोकणातल्या घराला कोणी शिकवावं लागलं नाही.

नदीकडच्या बाजूला त्रिकोणी माथा आहे आणि घराच्या दोन्ही अंगांना पूर्वी दोन सुट्या इमारती होत्या. १७६५ मधलं एक जलरंगातलं चित्र सापडलं आहे, त्यात त्या दोन्ही इमारती आणि त्यांना मुख्य घराशी जोडणाऱ्या खांबांच्या कमानी दिसतात. एक इमारत ३१ ऑगस्ट १८८६ च्या मोठ्या भूकंपात गेली, दुसरी १८९३ च्या चक्रीवादळात. आता राहिलंय ते विटांचं जुनं शौचालय, सात बैठकांचं. बरेच पाहुणे त्याकडे वळत नाहीत. वळा.

पण 'जॉन ड्रेटनने घर बांधलं' हे वाक्य मी नेहमी अडखळत लिहितो. त्याने पैसा घातला. वीट पाडली, चुना मळला, लाकूड तासलं ते गुलाम केलेल्या आफ्रिकी कारागिरांनी. आणि तो पैसाही त्यांच्याच कष्टाचा होता. जॉनच्या नावावर पुढे हजारो एकर जमीन आणि अनेक मळे होते, तिथे भात आणि नीळ पिकायची. ड्रेटन हॉल हे त्या सगळ्या पसाऱ्याचं बसतं ठाणं, मालकाची बैठक. दलदलीत बांध घालून, भरती-ओहोटीचं पाणी अडवून-सोडून भात करण्याची विद्या या लोकांनी पश्चिम आफ्रिकेतून स्वतःबरोबर आणली होती. खाचरं आणि बांध पाहिलेल्या कोकणी माणसाला ते काम किती कंबर मोडणारं आहे हे सांगायला नको. त्यात हिवताप, साप आणि मुकादमाचा चाबूक. त्या काळी कॅरोलिनात गोऱ्यांपेक्षा काळ्या माणसांची संख्या जास्त होती आणि मालकवर्ग सतत धास्तावलेला असे.

सप्टेंबर १७३९ मध्ये, जॉनने जमीन घेतल्याला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा जवळच्याच स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ते चिरडलं गेलं आणि १७४० मध्ये कडक कायदा आला. त्यात गुलामांना लिहायला शिकवण्यावरही बंदी होती. ही एक ओळ लक्षात ठेवा, कारण घराचा इतिहास लंगडा का आहे ते तीत आहे. मालकांच्या घराण्याने रोजनिशा, पत्रं, मृत्युपत्रं, हिशेबाच्या वह्या मागे ठेवल्या. दुसऱ्या घराण्यांना कायद्यानेच कागदापासून दूर ठेवलं. त्यांचं लिखाण शोधायचं तर बांधकामात शोधावं लागतं.

ते सापडतं. चार्ल्सटन भागातल्या त्या काळच्या विटा हाताने पाडलेल्या. वीट ओली असताना साच्यातून उचलून वाळत ठेवताना बोटं रुततात आणि भट्टीत गेल्यावर तो ठसा कायमचा होतो. जुन्या भिंतीवर संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की असे ठसे उठून दिसतात. मी एकदा एका पाडकामात तशी वीट हातात घेतली होती. चार बोटांचे खळगे, त्यांतले दोन इतके अरुंद की माझी करंगळीच मावली. वीट पाडायच्या कामाला मुलंही असत. मी ती वीट पुसून परत ठेवली आणि त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

चुन्याचंही तसंच. इथे चुनखडीचे डोंगर नाहीत, म्हणून खाडीतले कालवांचे शिंपले भाजून चुना करायचे. कोकणात आपल्याकडेही शिंपल्यांचा चुना होत असे, त्यामुळे पहिल्यांदा इथल्या दरजांत अर्धवट भाजलेला शिंपल्याचा तुकडा चमकताना दिसला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. ही वीट मऊ आणि चुना त्याहून मऊ. भिंतीत शिरलेला ओलावा दरजांतून बाहेर पडतो, भिंत श्वास घेते. चांगल्या मनाने कोणी त्या दरजा सिमेंटने भरल्या की ओल आत कोंडते आणि पाचसात वर्षांत विटेचा पापुद्रा सुटून येतो. 'नीट दुरुस्त का करत नाहीत' याचं तांत्रिक उत्तर हे आहे. जुन्या घराला जितकं नुकसान उन्हापावसाने होतं, त्याहून जास्त घाईच्या दुरुस्तीने होतं. वाड्यांतही हेच पाहिलंय, इथेही हेच.

जॉन चार वेळा लग्न झालेला, चारही बायकांच्या घराण्यांमुळे वजन वाढलेला माणूस. त्याचा मोठा मुलगा विल्यम हेन्री ड्रेटन इंग्रजांविरुद्धच्या क्रांतीत पुढे होता, साउथ कॅरोलिनाचा मुख्य न्यायाधीश झाला, बंड केलेल्या वसाहतींच्या सभेत, काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, बसला. बाप आणि हा मुलगा, दोघंही १७७९ मध्ये गेले. मुलगा फिलाडेल्फियात, बाप इंग्रज फौज चालून येत असताना घर सोडून जाताना. पुढच्याच वर्षी, २९ मार्च १७८० ला, इंग्रज सेनापती सर हेन्री क्लिंटनच्या फौजेने ड्रेटन हॉलच्या धक्क्याजवळच अॅशली ओलांडली आणि मे महिन्यात चार्ल्सटन पडलं. घरात आधी इंग्रज अधिकारी उतरले, मग अमेरिकी.

घर तेव्हा जॉनच्या चौथ्या बायकोकडे, रिबेकाकडे होतं. ती लग्नात सतरा वर्षांची होती, सावत्र मुलगा चार्ल्सहून कितीतरी लहान. युद्धानंतर चार्ल्सने या सावत्र आईकडून घर चक्क विकत घेतलं. वडिलांचं घर मुलाने पैसे मोजून घ्यावं, यातच त्या घरातले संबंध कळतात. चार्ल्स एडिनबरोला डॉक्टर झालेला, झाडापेडांचा नाद असलेला. त्याने १७८४ पासून १८२० मध्ये मरेपर्यंत रोजनिशी लिहिली. घराचा अभ्यास करणाऱ्यांना हे घबाडच. कुठलं झाड लावलं, कुठल्या खोलीत काय काम काढलं, कोणता सुतार कुठे पाठवला, सगळं तीत आहे. गुलाम माणसांची नावंही तिथेच, त्यांच्या मालकाच्या अक्षरात भेटतात. कधी आजारपणाच्या नोंदीत, कधी पळून गेल्याच्या.

पुढची पिढ्यान्‌पिढ्यांची यादी मी देत नाही. चार्ल्स हे नाव इतक्या वेळा येतं की वाचणारा गोंधळतो. थेट १८६५ ला येऊ. यादवी युद्धाच्या शेवटी उत्तरेची फौज अॅशलीकाठाने आली आणि मळ्यांची घरं पेटवत गेली. याच नदीकाठच्या मिडल्टन प्लेस या मळ्याचं मुख्य घर त्याच फेब्रुवारीत जळालं. मॅग्नोलियाचं घरही गेलं. ड्रेटन हॉल तेवढं राहिलं. का राहिलं, याच्या दोन कथा कुटुंबात सांगतात. एक अशी की घरातल्या डॉक्टर ड्रेटनने देवीच्या रोगाचं इस्पितळ आहे अशी खूण म्हणून पिवळी निशाणं लावली आणि शिपाई घाबरून गेले. दुसरी अशी की उत्तरेच्या आरमारात याच घराण्यातला एक अधिकारी होता, पर्सिव्हल ड्रेटन, त्याच्या नात्याने घर वाचलं. पर्सिव्हल खरोखरच उत्तरेकडून लढला आणि १८६१ च्या पोर्ट रॉयलच्या लढाईत त्याचा सख्खा भाऊ थॉमस समोरच्या बाजूचा सेनापती होता. मला दोन्ही कथा आवडतात, पण त्या मी कथा म्हणूनच सांगतो.

युद्धानंतर गुलामी संपली आणि मालकांचा पैसाही आटला. मग जमिनीखालून दुसरंच काही निघालं. अॅशलीच्या काठाने फॉस्फेटचे थर होते, प्राचीन समुद्री जीवांच्या हाडांनी भरलेले, खतासाठी सोन्यासारखे. १८६० च्या दशकाच्या शेवटापासून खाणकाम सुरू झालं. खणायला बहुतेक नुकतीच मोकळी झालेली काळी माणसं, फावडं-कुदळीने, चिखलात उभी राहून. ड्रेटनांच्या जमिनीवर त्यांची वस्ती झाली. खाणीच्या पैशातून चार्ल्स हेन्री ड्रेटनने घराची डागडुजी केली. रंगाचा तो दुसरा थर याच काळातला. पण १८८५ मध्ये त्याने चार्ल्सटन शहरात समुद्राकाठी स्वतःचं नवं घरही बांधलं. माझ्या मते ड्रेटन हॉल वाचवणारा खरा क्षण हा. राहतं घर शहरात गेलं. नळ, वीज, गॅस, सगळं तिकडे आलं. नदीकाठचं हे घर सुट्टीपुरतं उरलं, आणि सुट्टीच्या घरात भिंती फोडायचा खर्च कोणी करत नाही.

त्याची मुलगी शार्लोटा ही शेवटची. लोक तिला मिस शार्ली म्हणत. ती १९६९ मध्ये वारली. तोपर्यंत दरवर्षी काही काळ या घरात येऊन राहायची, कंदिलाच्या उजेडात, बाहेरून आणलेल्या पाण्यावर. वीज घ्यायची नाही, पाणी घ्यायचं नाही, हा तिचा हट्ट. घर तिच्या भाच्यांकडे गेलं आणि पाच वर्षांत त्यांनी ते ट्रस्टला दिलं. एका दाराच्या चौकटीवर ड्रेटनांच्या मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत, पेन्सिलीच्या, तारखांसकट. घरातल्या कुत्र्याचीही उंची मोजून ठेवली आहे. त्या चौकटीला कोणी रंग दिला असता तर पाच मिनिटांत हे सगळं पुसलं गेलं असतं.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांबलो ते. मालकांची यादी इथे संपते, घराची माणसं संपत नाहीत. बोअन्स नावाचं काळं कुटुंब या जमिनीवर ड्रेटनांइतकंच जुनं आहे. त्यांच्या घरात सांगत आलेत की त्यांचा पूर्वजही ड्रेटनांबरोबर बार्बाडोसहून आला. एक मालक म्हणून उतरला, दुसरा मालमत्ता म्हणून. गुलामी संपल्यावरही हे कुटुंब तिथेच राहिलं. रिचमंड बोअन्स यांचा जन्म १९०८ मध्ये याच आवारात झाला. पुढे ते पोटापाण्यासाठी शिकागोला गेले, म्हातारपणी परत आले आणि घर लोकांसाठी उघडल्यावर तिथेच काम करू लागले. कुणाची खोली कुठे होती, विहीर कुठली, कुठल्या वाटेने मुलं शाळेत जायची, हे त्यांच्या मुलाखतींतून आज आपल्याला माहीत आहे. ज्या भागाबद्दल ड्रेटनांच्या वह्यांत जवळजवळ काही नाही, तो या एका माणसाच्या आठवणीतून उभा राहिला. नकाशे काढणारे, पुरातत्त्वाचे लोक, सगळे त्यांच्याकडे वही घेऊन बसत.

आवारात त्यांच्या पूर्वजांची दफनभूमी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरपासूनच्या निदान चाळीस कबरी, बहुतेकांवर दगड नाही, नाव नाही. संवर्धन म्हटलं की कुंपण, फरसबंदी, हिरवळ असं सुचतं. बोअन्स यांनी सांगितलं होतं की झाडं तोडू नका, जमीन उकरू नका, आहे तसं राहू द्या. आज तिथल्या कमानीवर त्यांचेच शब्द आहेत, 'लीव्ह एम रेस्ट', म्हणजे त्यांना निजू द्या. १९९८ मध्ये तेही तिथेच गेले, आपल्या माणसांत.

म्हणून पुन्हा गेलात तर उलट्या क्रमाने पाहा. आधी दफनभूमी. मग शौचालयाची ती विटांची खोली. मग घराच्या बाहेरून, उन्हं कलताना, भिंतीला डोळा लावून चालत एक फेरी. दरजांत शिंपले दिसतील, विटेत एखादा ठसा दिसला तर हात लावू नका, नुसता पाहा. आणि मग आत. मुलीला सांगा, दुपारची उशिराची फेरी घ्यायची. आत दिवे नाहीत, त्यामुळे छतावरचं गिलाव्यातलं नक्षीकाम त्या वेळी खिडकीतून येणाऱ्या उजेडातच नीट उठतं.